कामाचा फोन सोबत असताना खासगी संदेश कसे सांभाळावेत: टप्प्याटप्प्याने

कामाचा फोन हातात पडला की बहुतेक जण पहिल्या अर्ध्या तासात त्यावर आपले नेहमीचे खाते उघडतात, व्हॉट्सॲप टाकतात आणि "वेगळे काय करायचे ते नंतर बघू" असे म्हणून कामाला लागतात. सहा महिन्यांनी ते वेगळे करायला बसले की लक्षात येते की फोन दोन असले तरी खाते एकच आहे, घरचे निरोप ऑफिसच्या लॅपटॉपवर उमटत आहेत आणि बँकेचे ओटीपी कंपनीच्या सिमवर येत आहेत. संदेश कुठे पोहोचेल हे फोन ठरवत नाही. ज्या क्रमांकावर आणि ज्या खात्यावर तो पाठवला जातो, ते ठरवतात. म्हणून पुढे दिलेला क्रम आधी क्रमांक, मग खाती आणि सर्वांत शेवटी सूचना (नोटिफिकेशन) असा आहे, आणि तो उलटा करू नये. सूचना बंद करण्यापासून सुरुवात करणाऱ्यांना चार दिवस शांतता लाभते, पण संदेश जिथे जाऊ नयेत तिथे जातच राहतात, फक्त त्यांचा आवाज येत नाही.

## तयारी

दीड-दोन तास सलग मोकळे ठेवावेत आणि शक्यतो सुटीचा दिवस निवडावा, कारण मधल्या काळात एखादे खाते काही मिनिटे बंद राहू शकते. दोन्ही फोन पूर्ण चार्ज केलेले असावेत, दोन्ही सिम चालू असावीत आणि खासगी फोनवर पुरेशी जागा मोकळी असावी. खासगी ईमेलचा पासवर्ड आठवणीत किंवा हाताशी असावा. ऐन वेळी तो आठवला नाही, तर त्याची दुरुस्ती करण्याचा कोड नेमका दुसऱ्याच फोनवर जातो आणि तिथेच घोडे पेंड खाते.

कंपनीने फोन देताना सही करून घेतलेला नियमांचा कागद शोधून एकदा पूर्ण वाचावा. खासगी वापराला परवानगी आहे का आणि फोन परत करण्याची रीत काय आहे, एवढ्या दोन गोष्टी त्यात पाहाव्यात.

## टप्पा १: कागदावर नोंद

एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखावेत. पहिल्यात संदेश येण्याचा मार्ग, दुसऱ्यात तो कोणत्या क्रमांकावर किंवा ईमेलवर नोंदलेला आहे, तिसऱ्यात तो कोणकोणत्या यंत्रांवर उघडा आहे आणि चौथ्यात त्याचा बॅकअप कुठे जातो, हे लिहावे. मार्गांमध्ये साधे एसएमएस, व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम, आयमेसेज (ॲपलची स्वतःची संदेशसेवा) आणि खासगी ईमेल यांच्याबरोबर समाजमाध्यमांवरचे इनबॉक्सही धरावेत, कारण हमखास विसरले जातात ते तेच.

आठवणीवर भरवसा ठेवून हा कागद भरू नये. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून पाहावे. मुख्य फोनाखेरीज जास्तीत जास्त ४ यंत्रे तिथे जोडलेली असू शकतात, आणि त्यांत ऑफिसच्या संगणकावरचा ब्राउझर हटकून सापडतो. टेलिग्राममध्ये हीच यादी 'डिव्हाइसेस' या नावाने दिसते आणि सिग्नलमध्येही जोडलेल्या यंत्रांची यादी असते.

माझ्या स्वतःच्या कागदावर पहिल्या खेपेस एक ओळ अशी भरली गेली होती: "व्हॉट्सॲप, कामाचा क्रमांक, कामाचा फोन आणि ऑफिसचा लॅपटॉप, बॅकअप कंपनीच्या गुगल खात्यात." चारही रकाने कंपनीचे आणि आतली माणसे सगळी घरची. अशी ओळ तुमच्या कागदावर आली, तर तिला लाल खूण करावी. पुढचे निम्मे काम त्या एका ओळीचे असते.

तपासणी: दोन्ही फोन, घड्याळ, टॅब्लेट आणि संगणक एका टेबलावर शेजारी शेजारी मांडून चालू ठेवावेत. घरातल्या कोणाला तरी प्रत्येक मार्गाने "चाचणी १", "चाचणी २" असे संदेश पाठवायला सांगावेत आणि प्रत्येक वेळी कोणकोणते पडदे उजळतात ते कागदाशी ताडून पाहावे. कागदावर नसलेला एखादा पडदा उजळला, तर नोंद अपुरी आहे असे समजावे.

## टप्पा २: कामाच्या फोनवर कंपनीचा ताबा किती आहे ते पाहणे

आयफोनवर सेटिंग्जमधील 'जनरल' मध्ये 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' हा भाग असतो. तिथे कंपनीचे प्रोफाइल दिसले, तर फोन व्यवस्थापनाखाली आहे. अँड्रॉइडवर दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात फोनमध्ये 'वर्क प्रोफाइल' हा वेगळा कप्पा असतो आणि त्यातल्या ॲपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. दुसऱ्या प्रकारात पूर्ण फोनच कंपनीच्या ताब्यात असतो आणि हे यंत्र संस्थेच्या मालकीचे असल्याची सूचना सेटिंग्जमध्ये किंवा लॉक स्क्रीनवर दिसते.

याबाबत दोन टोकांचे गैरसमज आहेत. काहींना वाटते की कंपनी आपली प्रत्येक चॅट वाचत बसली आहे, तर काहींना वाटते की संदेश एन्क्रिप्टेड (वाटेत कोणालाही वाचता येऊ नयेत असे सांकेतिक केलेले) असल्यामुळे कशाचीच चिंता नाही. अशा व्यवस्थापन प्रणाली साधारणपणे व्हॉट्सॲपमधला मजकूर वाचत नाहीत. मात्र पूर्ण ताब्यातल्या फोनवर कोणती ॲप टाकली आहेत हे दिसू शकते, एखादे ॲप बंद करता येते, कंपनीच्या नेटवर्कवरून जाणाऱ्या रहदारीवर लक्ष ठेवता येते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संपूर्ण फोन दुरून पुसून टाकता येतो. एन्क्रिप्शनमुळे संदेश वाटेत सुरक्षित राहतो, पण फोनच पुसला गेला तर त्या एन्क्रिप्शनचा काही उपयोग नसतो.

यावरून निर्णय सरळ होतो. फोन पूर्णपणे कंपनीच्या ताब्यात असेल, तर त्यावर खासगी संदेशाचे एकही खाते ठेवू नये. याउलट फोन तुमचा स्वतःचा असून कामासाठी त्यात वर्क प्रोफाइल टाकलेले असेल, तर खासगी ॲप ब्रीफकेसच्या चिन्हाबाहेरच राहतील एवढे पाहावे. त्या बाहेरच्या भागातला मजकूर कंपनीपर्यंत पोहोचत नाही.

सावधान: एकच फोन बाळगता यावा म्हणून खासगी सिम किंवा ई-सिम कामाच्या फोनमध्ये बसवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास तुमचे सगळे एसएमएस कंपनीच्या यंत्रात साठतात, आणि फोन दुरून पुसला गेला तर ई-सिमही त्यासोबत जाऊ शकते.

## टप्पा ३: क्रमांक मोकळा करणे

आता कागदावरचा दुसरा रकाना हाती घ्यावा. बँक, ईमेल, विमा, डॉक्टर, मुलांची शाळा, सरकारी खाती अशा जिथे जिथे कामाचा क्रमांक दिला असेल, तिथे तिथे खासगी क्रमांक नोंदवावा. सुरुवात खासगी ईमेलपासून करावी, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांची किल्ली तिथेच असते. त्यानंतर बँक आणि मग इतर सर्व, असा क्रम ठेवावा.

जिथे सोय आहे तिथे एसएमएसवरच्या कोडऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे लॉगइनचे कोड फोनवरच तयार करणारे ॲप, वापरावे. त्यातला कोड साधारणपणे ६ अंकी असतो, दर ३० सेकंदांनी बदलतो आणि सिम कोणाच्या हातात आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. मात्र ते ॲप खासगी फोनवरच टाकावे आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेले जादा कोड कागदावर लिहून घरी ठेवावेत. कामाच्या फोनवर ऑथेंटिकेटर टाकून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. नोकरी सुटते त्या दिवशी त्यांना स्वतःच्या ईमेलमध्येही शिरता येत नाही.

तपासणी: प्रत्येक बदलानंतर त्या खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत शिरावे आणि कोड खासगी फोनवर येतो आहे ना, हे पाहावे. केवळ "क्रमांक बदलला आहे" या संदेशावर थांबू नये.

## टप्पा ४: व्हॉट्सॲप योग्य क्रमाने हलवणे

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून तो सावकाश करावा. तुमचे खाते आधीपासून खासगी क्रमांकावर असून ते केवळ कामाच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर जोडलेले असेल, तर काम सोपे आहे. मुख्य फोनवरच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस' मध्ये जाऊन त्या यंत्रातून लॉगआउट करावे आणि पुढच्या टप्प्याकडे वळावे. मुख्य फोन १४ दिवसांहून अधिक काळ वापरला नाही तर जोडलेली यंत्रे आपोआप बाहेर पडतात, पण त्यावर विसंबून राहू नये, कारण मुख्य फोन तर तुम्ही रोज वापरत असता.

खरा प्रश्न असतो तो खाते कामाच्या क्रमांकावर उघडलेले असते तेव्हा. त्या वेळी पुढील क्रम पाळावा.

१. कामाच्या फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट बॅकअप' उघडून बॅकअप कोणत्या खात्यात जातो ते पाहावे. तिथे कंपनीचे खाते दिसत असेल, तर नवा बॅकअप घेऊ नये.

२. खासगी सिम असलेला फोन शेजारी ठेवावा. कामाच्या फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधील 'अकाउंट' मध्ये जाऊन 'चेंज नंबर' निवडावे, जुना म्हणून कामाचा क्रमांक आणि नवा म्हणून खासगी क्रमांक द्यावा. कोड खासगी फोनवर एसएमएसने येईल, तो कामाच्या फोनवर भरावा.

३. संपर्कातल्या लोकांना क्रमांक बदलल्याची सूचना द्यायची का, असे विचारले जाईल. ती निवडून द्यावी, पण सगळ्यांना नको. ग्रुपना मात्र बदल आपोआप कळतो, त्यामुळे कामाच्या ग्रुपमध्येही तुमचा खासगी क्रमांक दिसेल हे ध्यानात ठेवून, असे ग्रुप या पायरीच्या आधीच सोडून द्यावेत.

४. या क्षणी खाते खासगी क्रमांकाचे झाले आहे, पण अजून कामाच्या फोनवरच आहे. आता ते खासगी फोनवर आणावे. दोन्ही फोन अँड्रॉइड किंवा दोन्ही आयफोन असतील, तर व्हॉट्सॲपमधल्या 'ट्रान्सफर चॅट्स' या सोयीने क्यूआर कोड दाखवून चॅट थेट हलवता येतात, त्यासाठी बॅकअपची गरज लागत नाही. एक फोन अँड्रॉइड आणि दुसरा आयफोन असेल, तर त्या दोघांमधल्या स्थलांतराची स्वतंत्र पद्धत वापरावी लागते. गुगल खात्यातला बॅकअप आयफोनवर उघडत नाही आणि आयक्लाउडमधला अँड्रॉइडवर उघडत नाही.

५. खासगी फोनवर जुन्या चॅट, फोटो आणि ग्रुप दिसू लागल्याची खात्री झाल्यावरच कामाच्या फोनवरचे ॲप काढावे.

६. खासगी फोनवर 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चा ६ अंकी पिन लावावा आणि बॅकअप खासगी खात्यात जाईल असे ठरवावे. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केल्यास त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकांची किल्ली जपून ठेवावी लागते. ती हरवली तर तो बॅकअप कोणालाच उघडता येत नाही.

सावधान: 'डिलीट अकाउंट' हा पर्याय या संपूर्ण क्रमात कुठेही नाही. क्रमांक बदलला की जुन्या क्रमांकावरचे खाते आपोआप संपते. काही जण मात्र "आधी जुने पुसू, मग नवे उघडू" असा विचार करून खातेच पुसतात आणि सगळ्या ग्रुपमधून एका झटक्यात बाहेर पडतात. ते परत आणता येत नाही.

सावधान: खासगी क्रमांकावर आधीच दुसरे व्हॉट्सॲप खाते चालू असेल, तर वरचा मार्ग घेऊ नये. अशा वेळी घरच्या प्रत्येक ग्रुपमध्ये खासगी क्रमांक जोडावा, तुम्ही ॲडमिन असाल तर आधी त्या क्रमांकाला ॲडमिन करावे आणि मगच कामाच्या क्रमांकाने ग्रुप सोडावा. हे कंटाळवाणे आहे आणि वीस ग्रुप असतील तर एका बैठकीत होत नाही, पण दुसरा सुरक्षित मार्ग नाही.

तपासणी: दुसऱ्या कोणाला तरी कामाच्या क्रमांकावर व्हॉट्सॲप संदेश पाठवायला सांगावा. तो क्रमांक व्हॉट्सॲपवर नाही असे त्याला दिसले, तर स्थलांतर पूर्ण झाले. कामासाठी व्हॉट्सॲप लागतच असेल, तर त्या क्रमांकावर नवे, कोरे खाते आता उघडावे, आधी नव्हे.

## टप्पा ५: बाकीचे मार्ग

टेलिग्राम आणि सिग्नल या दोन्हींत क्रमांक बदलण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे. टेलिग्रामच्या नेहमीच्या चॅट सर्व्हरवर असतात, त्यामुळे लॉगइन केलेल्या प्रत्येक यंत्रावर त्या दिसतात. म्हणूनच 'डिव्हाइसेस' मध्ये जाऊन कामाची सगळी यंत्रे बाहेर काढणे तिथे फारच गरजेचे आहे. मात्र टेलिग्रामची 'सीक्रेट चॅट' ज्या फोनवर सुरू झाली त्याच फोनवर राहते, त्यामुळे त्यातले काही जपायचे असेल तर ते आधी नोंदवून घ्यावे.

कामाच्या आयफोनवर तुमचे खासगी ॲपल खाते उघडले असेल, तर मेसेजेसच्या सेटिंग्जमधील 'सेंड अँड रिसीव्ह' मध्ये कोणत्या क्रमांकांवर आणि ईमेलवर बरोबरची खूण आहे ते पाहावे. एकाच ॲपल खात्यामुळे आयमेसेज, फेसटाइम आणि कधी कधी कॉलची यादीदेखील दोन्ही फोनवर उमटते, आणि त्यावर सूचना बंद करणे हा उपाय नव्हे. कामाच्या फोनवरून खासगी खाते पूर्ण काढावे किंवा फोनसाठी वेगळे खाते ठेवावे.

ऑफिसच्या संगणकावरचे ब्राउझर हा सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे. एकदा मी बैठकीत पडदा दाखवत होतो, तक्ता समोर होता आणि कोपऱ्यात पट्टी सरकली: "बाबांचा रिपोर्ट आला, फोन कर." अकरा जणांनी ती वाचली. फोन माझ्या बॅगेत बंद होता. पट्टी आली होती ती ब्राउझरमधून, दोन महिन्यांपूर्वी एक फाइल पाठवण्यासाठी "पाचच मिनिटांकरता" जोडलेल्या व्हॉट्सॲप वेबमधून.

## टप्पा ६: संपर्क आणि फोटो

दोन्ही फोनवर नवा संपर्क कोणत्या खात्यात साठतो, हे संपर्क ॲपच्या सेटिंग्जमध्ये पाहून ठरवावे. खासगी माणसांचे क्रमांक कंपनीच्या खात्यात साठत गेले, तर ते खाते बंद होईल त्या दिवशी तेही जातात. अशा क्रमांकांची निर्यात आताच करून ते खासगी खात्यात आणावेत.

फोटोंच्या बाबतीतही हेच लागू होते. व्हॉट्सॲपमध्ये आलेले फोटो आपोआप गॅलरीत जातात आणि गॅलरीतून ते ज्या खात्याला जोडलेले असेल त्या खात्यात चढतात. कामाच्या फोनवर ही साखळी दोन्ही ठिकाणी तोडावी.

## टप्पा ७: सूचना आणि तातडीची वाट

आतापर्यंतचे टप्पे नीट झाले असतील, तर कामाच्या फोनवर खासगी काही उरलेले नाही. आता प्रश्न उरतो तो कामाच्या वेळेत खासगी फोन किती वाजावा याचा. तो पूर्ण बंद ठेवणारे पहिल्याच आणीबाणीत पस्तावतात आणि पूर्ण चालू ठेवणारे दुसऱ्या दिवशी कंटाळून सगळे बंद करतात. त्यामुळे आधी तातडीची वाट ठरवावी आणि मग उरलेला आवाज कमी करावा.

तातडीची वाट म्हणजे साधा फोन कॉल. आयफोनच्या 'फोकस' मध्ये निवडक व्यक्तींना परवानगी देता येते, आणि पुन्हा आलेल्या कॉलची सोय चालू असेल तर त्याच व्यक्तीने ३ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा केलेला फोन वाजतो. अँड्रॉइडच्या 'डू नॉट डिस्टर्ब' मध्ये तारांकित संपर्कांना मुभा देता येते आणि पुन्हा फोन करणाऱ्यासाठी ही मुदत १५ मिनिटांची असते. घरच्या माणसांना नेमके हेच सांगावे: "अगदी निकड असेल तर लागोपाठ दोनदा साधा फोन करा, व्हॉट्सॲप कॉल नको." ॲपवरचा कॉल या नियमात बसेलच याची खात्री धरू नये.

यानंतर चॅटच्या सूचना ग्रुपनिहाय बंद कराव्यात, व्यक्तिनिहाय नव्हे. शंभर संदेशांतले नव्वद ग्रुपमधले असतात हे तुमच्याच फोनवर पाहून खात्री करून घ्यावी. लॉक स्क्रीनवर मजकूर न दिसता केवळ "नवा संदेश" एवढेच दिसेल असे ठरवावे, कारण टेबलावर पालथा न ठेवलेला फोन शेजारचा माणूस न वाचता राहू शकत नाही.

दोन्ही फोनचे आवाज, कव्हरचा रंग आणि पडद्यामागचे चित्र वेगवेगळे असावे. हे बालिश वाटते, पण चुकीच्या फोनवरून उत्तर देण्याचे प्रमाण यानेच सर्वांत लवकर कमी होते. घड्याळ आणि गाडी एकाच फोनला जोडावी. गाडीला दोन्ही फोन जोडलेले असतील, तर सहकारी शेजारी बसलेले असताना गाडी मोठ्याने घरचा निरोप वाचून दाखवू शकते.

तपासणी: तातडीची वाट ठरवून झाल्यावर फोन शांत अवस्थेत टाकावा आणि घरच्यांकडून लागोपाठ दोनदा फोन करवून घ्यावा. दुसरा फोन वाजला नाही, तर सेटिंग अपुरी आहे.

## टप्पा ८: माणसांना सांगणे

यंत्रे बदलली तरी माणसांच्या फोनमध्ये तुमचा जुना क्रमांक साठलेला असतो. "माझा नंबर बदलला आहे" असा मोघम संदेश पाठवल्यास लोक नवा क्रमांक जुन्याच्या शेजारी साठवतात आणि पुढच्या वेळी हाताला येईल तो वापरतात. त्याऐवजी असे लिहावे: "शेवटी ४२ असलेला क्रमांक कंपनीचा आहे, तो कृपया पुसून टाका. घरगुती कामासाठी यापुढे हाच क्रमांक वापरा." कोणता पुसायचा हे स्पष्ट सांगितल्याखेरीज पुसला जात नाही.

सहकाऱ्यांनाही उलट बाजूने सांगावे लागते. कामाचा निरोप खासगी क्रमांकावर आला, तर तिथे उत्तर देऊ नये. कामाच्या फोनवरून उत्तर द्यावे आणि "पुढचे इथेच बोलू" एवढे लिहावे. खासगी फोनवर एकदा उत्तर दिले की तो रस्ता उघडा आहे असे समोरचा धरून चालतो, आणि कामाचा पत्रव्यवहार तुमच्या खासगी फोनमध्ये अडकल्याने पुढे चौकशी किंवा वाद झाला तर तोच फोन मागितला जाण्याची वेळ येते.

## टप्पा ९: चुकीच्या जागी गेलेला संदेश

एवढे करूनही कधीतरी घरचा निरोप कामाच्या ग्रुपवर पडतोच. व्हॉट्सॲपमध्ये पाठवलेला संदेश १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो आणि सुमारे दोन दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसता येतो. घाईत 'डिलीट फॉर मी' दाबले जाते आणि संदेश फक्त तुमच्याच फोनवरून जातो, इतरांना दिसत राहतो. तसे झाले तर काही सेकंद खाली 'अनडू' दिसते, ते लगेच दाबून पुन्हा 'डिलीट फॉर एव्हरीवन' निवडावे. सूचनेच्या पट्टीत कोणी तो आधीच वाचला असण्याची शक्यता धरून एक ओळीचा खुलासा करावा आणि विषय सोडून द्यावा. लांबलचक माफीमुळे न वाचलेलेही वाचायला येतात.

कंपनीच्या स्वतःच्या चॅट प्रणालीत मात्र पुसलेला संदेशही जतन झालेला असू शकतो. तिथे पुसण्यावर विसंबू नये.

## टप्पा १०: कामाचा फोन परत करताना

परत करण्याची तारीख कळताच, किमान आठवडाभर आधी हा टप्पा सुरू करावा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी, फोन मागणारा माणूस समोर उभा असताना, हे होत नाही.

१. पहिल्या टप्प्यातला कागद पुन्हा काढावा आणि तिसऱ्या रकान्यात कामाचा फोन उरला आहे का ते पाहावे.

२. अजूनही कोणते ओटीपी कामाच्या सिमवर येत आहेत हे शोधण्यासाठी त्या फोनवरचे मागच्या वर्षभराचे एसएमएस वरपासून खाली वाचून काढावेत. विसरलेले खाते हमखास तिथेच सापडते, बहुधा वर्षातून एकदाच लागणारे.

३. आयफोन परत करताना आयमेसेज बंद करावे, खासगी ॲपल खाते असेल तर त्यातून साइनआउट करावे आणि 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधण्याची ॲपलची सोय) मधून तो फोन सुटला आहे याची खात्री करावी. अँड्रॉइडवर खासगी गुगल खाते सेटिंग्जमधून काढावे आणि मेसेजेस ॲपमधले आरसीएस (इंटरनेटवरून जाणारे, एसएमएससारखे संदेश) बंद करावे. खाते न काढता फोन पुसला, तर पुढच्या वापरकर्त्याला तो उघडताना तुमच्याच खात्याचा पासवर्ड मागितला जाऊ शकतो आणि मग तुम्हाला फोन येतात.

४. ब्लूटूथच्या यादीतून घरची गाडी आणि घड्याळ काढावे, आणि गाडीच्या यादीतूनही तो फोन काढावा. गाडीत संपर्क उतरलेले असतात हे अनेकांच्या गावी नसते.

५. कामाच्या नोंदींना हात लावू नये.

सावधान: फोन स्वतःहून फॅक्टरी रीसेट करू नका. त्यात कंपनीला जपून ठेवाव्या लागणाऱ्या नोंदी असू शकतात आणि त्या पुसल्याचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो. खासगी खाती तुम्ही काढावीत, पुसण्याचे काम कंपनीच्या तांत्रिक विभागाला करू द्यावे आणि फोन स्वीकारल्याची लेखी पोच घ्यावी.

तुम्ही सोडलेले सिम पुढे दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात जाते. कामाच्या क्रमांकावर व्हॉट्सॲप खाते तसेच राहिले असेल आणि त्यावर पिन नसेल, तर नवा माणूस त्यावर आलेल्या कोडने आत शिरू शकतो, आणि तुमच्या जुन्या ग्रुपमधले लोक त्याच्याशी तुम्हीच समजून बोलू लागतात. म्हणून त्या क्रमांकावर कामापुरते उघडलेले खाते, कामाच्या नोंदी कंपनीच्या ताब्यात दिल्यानंतर आणि कंपनीची हरकत नसल्याचे विचारून, शेवटच्या दिवशी 'डिलीट अकाउंट' ने बंद करावे. हा पर्याय वापरण्याची योग्य जागा ही एकच.

तपासणी: फोन परत केल्यावर आठवड्याभराने, ज्याच्याकडे तो जुना क्रमांक कधीच साठवलेला नव्हता अशा एखाद्या माणसाला तो व्हॉट्सॲप, सिग्नल आणि टेलिग्रामवर शोधायला सांगावा. तुमचे नाव किंवा फोटो कुठेही येत नसेल, तर कागदावरची शेवटची ओळ खोडावी.